पांढऱ्या पेशींची जुनी नोकरी
(प्रस्तावना)

नवी कोल्हापुरी पहिले आठ दिवस चावते. चप्पल लाईनमधला दुकानदार हे सांगूनच चप्पल हातात देतो: तेल लावा, घरातल्या घरात थोडी थोडी वापरा, मग बघा. आपण बघत नाही. नवी चप्पल घालून त्याच दिवशी रंकाळ्याला फेरी मारतो आणि अंगठ्याच्या बाजूला टचटचीत फोड घेऊन परततो. फोड फुटतो, दोन दिवस हुळहुळतो, खपली धरतो. महिन्याभरात चप्पल पायाला बसलेली असते आणि पायाची तिथली कातडीही निबर झालेली असते. दोघे एकमेकांना सारखेच घासले, पण हिशेब सारखा राहिला नाही. चपलेचा तळ जेवढा झिजला तेवढा झिजलेलाच राहिला. पाय मात्र झिजून पुन्हा भरून आला, वर चार पैसे जास्तीचे टाकून.

गंमत अशी, की चावणारी चप्पल आणि चावून घेणारा पाय ही मूळ एकाच मालाची. म्हशीच्या कातड्यावरचे केस आणि वरचा पातळ थर काढला की आतला जाड थर उरतो. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात तो कमावला की चपलेचा तळ तयार. हा थर म्हणजे जवळजवळ सगळा कोलॅजनचा. आपल्या पायाच्या कातडीखालीही तोच कोलॅजन आहे. हाडांत, कूर्चेत, टाचेमागच्या धोंडशिरेत, डोळ्याच्या बुबुळावरच्या काचेसारख्या पारदर्शक पडद्यातही तोच. शरीरातल्या एकूण प्रथिनांचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या कोलॅजनचा आहे. त्याची तीन पदरी वेणी कशी घातलेली असते, हे १९५४-५५ च्या सुमारास मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी जगाला दाखवले. पायाचे सूप थंड झाल्यावर वाटीत थरथरते, ते हीच वेणी उकळून सुटलेली असते म्हणून.

माल एक आणि वेणीही एक असताना फरक पडतो कुठे? फरक आहे भाडेकरूंचा. चपलेतल्या कोलॅजनमध्ये कोणी राहत नाही. पायातल्या कोलॅजनमध्ये दाट वस्ती आहे. या वस्तीतला सूत कातणारा, म्हणजे फायब्रोब्लास्ट, पाठ्यपुस्तकांतून सगळ्यांच्या ओळखीचा झालेला आहे. संयोजी ऊतीचा धडा आला की तो येतोच. त्याच्या शेजारी राहणारे मात्र त्या धड्यात नुसते नावाला येतात आणि ‘यांचे काम पुढे, रोगप्रतिकाराच्या प्रकरणात’ असे सांगून त्यांना दाराबाहेर काढले जाते. मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षी पेशी, मास्ट पेशी, येऊन-जाऊन असणाऱ्या इतर पांढऱ्या पेशी. हे पुस्तक त्या बाहेर काढलेल्यांना परत धड्यात बसवण्यासाठी लिहिले आहे.

खरी अडचण नावातच आहे. ‘रोगप्रतिकारक’ म्हटले की रोग आला आणि प्रतिकारही आला. मग रोग नसेल तेव्हा या पेशी काय करतात, हा प्रश्न विचारायचे कोणाला सुचतच नाही. शाळेत आम्हाला त्या शरीराचे सैनिक म्हणून शिकवल्या गेल्या. शांततेच्या काळात सैनिक बराकीत बूट पुसत बसतो, तशाच या पेशी बसत असतील असे माझ्याही डोक्यात कित्येक वर्षे होते. २०२० साली तर ‘इम्युनिटी’ हा शब्द घराघरात, भाजीवाल्याच्या पाटीपर्यंत पोहोचला. काढे, गोळ्या, चूर्णे आली, आणि सगळ्यांचा मंत्र एकच: वाढवा. जणू ती पाण्याची टाकी आहे, जास्त भरली की जास्त बरे. या पुस्तकाचे सांगणे त्याच्या उलट आहे. या पेशी किती आहेत यापेक्षा त्या कुठे, कधी आणि काय करत आहेत यावर ऊतीची घडण ठरते. पुढे जे जे येईल, ते याच एका गोष्टीभोवती फिरणारे आहे.

हे माझ्या ध्यानात आले ते एका फजितीतून. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला पॅथॉलॉजी सुरू झाले की विद्यार्थ्याला जिकडे तिकडे रोग दिसू लागतो. त्यातही आपल्याकडे क्षय. क्षयाच्या गाठीत अनेक केंद्रकांच्या अवाढव्य पेशी असतात, त्या एकदा ओळखायला शिकलो की आपण फार मोठे झालो असे वाटते. अशात सरांनी न सांगता एक स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. गुलाबी पट्टे, त्यांच्या कडेला खळगे, आणि प्रत्येक खळग्यात एक अवाढव्य पेशी: पाच, सहा, कुठे दहा केंद्रके. मी ठणकावून सांगितले, ‘सर, टीबी.’ सर हसले नाहीत. त्यांनी स्लाइडची चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. ते गर्भाचे वाढते हाड होते, अगदी निरोगी.

त्या खळग्यांतल्या पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, हाड खाणाऱ्या. उत्तर चुकले, पण ते अर्धे बरोबर होते हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली. क्षयाच्या गाठीतली ती अवाढव्य पेशी आणि हाडातली ही, दोघींचे कूळ एकच. दोन्ही अस्थिमज्जेतून निघालेल्या, मोनोसाइट आणि मॅक्रोफेज यांच्या घराण्यातल्या. अनेक पेशी एकमेकींत मिसळून एक झालेल्या. एक जंतूला कोंडून बसते, दुसरी हाड कोरून मुलाला उंच करते. मी घराणे ओळखले होते, धंदा ओळखला नव्हता.

हाड कोरण्याचा धंदा किती मोलाचा, हे तो बंद पडला की दिसते. १९०४ साली जर्मनीत अल्बर्स-शोएनबर्ग यांनी एका आजाराचे वर्णन केले. क्ष-किरणांत हाडे संगमरवरासारखी पांढरीशुभ्र दिसतात, पण काठीसारखी कडकन मोडतात. हाड बनवणाऱ्या पेशी धडधाकट, कोरणाऱ्या मात्र कामाला नाहीत. मग मज्जेची पोकळी तयार होत नाही, रक्त बनायला जागा उरत नाही, कवटीतून नसा बाहेर पडण्याची भोके अरुंद राहून दृष्टी जाते. आणि दात येत नाहीत. दात हिरडीतून वर यायचा तर त्याच्या वाटेतले हाड आधी कोणीतरी कोरून द्यावे लागते. नातवाला पहिला दात आला म्हणून घरभर फोन करणाऱ्या आजीला सांगावेसे वाटते, की आजी, ही कामगिरी पांढऱ्या पेशींच्या भाऊबंदांची.

अमेरिकेत डोनाल्ड वॉकर यांनी १९७० च्या दशकात असे संगमरवरी हाडांचे उंदीर घेतले आणि निरोगी उंदरांच्या मज्जेतल्या आणि प्लीहेतल्या पेशी त्यांना दिल्या. हाडे सुधारली. हाड कोरणारी पेशी हाडात जन्मत नाही, रक्ताच्या वाटेने येते, याचा हा मोठा पुरावा होता. १९८० साली याच आजाराच्या काही महिन्यांच्या एका मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा देण्यात आली. पुढे तिच्या हाडाचा तुकडा तपासला तेव्हा हाड कोरणाऱ्या पेशींत मुलग्याचे वाय गुणसूत्र सापडले. हाड बांधणाऱ्या पेशी मात्र तिच्या स्वतःच्याच होत्या. बहिणीच्या हाडाचे बांधकाम तिच्याच घरच्या गवंड्यांनी केले आणि खोदकाम भावाने धाडलेल्या माणसांनी. या मुलीवरचा शोधनिबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा तेवढ्याच ओळीवर बराच वेळ अडून बसलो होतो.

इतिहासात मागे गेलो तर दिसते, की सैनिकाची नोकरी या पेशींना मागाहून लागली. इल्या मेचनिकॉफ हा डॉक्टर नव्हता. तो प्राणिशास्त्रज्ञ होता आणि त्याचा जीव गर्भविज्ञानात. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना इथे, घरचे सगळे सर्कस बघायला गेलेले असताना, त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले आणि सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पाहिला. ही गोष्ट सगळे सांगतात. कमी सांगितले जाते ते असे, की हा माणूस याच फिरत्या पेशींना आधीपासून वेगळ्या कामावर पाहत होता. अळीचा पूर्ण प्राणी होताना तिचे जुने, नको झालेले अवयव खाऊन टाकणे, हे ते काम. म्हणजे त्याच्या लेखी भक्षक पेशी आधी घडणीच्या कामाला होत्या आणि मग पहाऱ्यावर आल्या. १९०८ चे नोबेल त्याला पाउल एर्लिख यांच्या जोडीने मिळाले ते मात्र पहाऱ्याबद्दल. बाकीचे काम मागे पडले ते पडलेच.

एर्लिखचेही तसेच झाले. १८७८ साली विद्यार्थिदशेतल्या प्रबंधात त्याने संयोजी ऊतीत रंग सोडले आणि त्याला दाण्यांनी ठासून भरलेल्या पेशी दिसल्या. ऊतीत पोषण जास्त झाले म्हणून या फुगल्या, असे त्याला वाटले. म्हणून नाव ठेवले मास्ट. जर्मन भाषेत जनावर चारून पुष्ट करण्याला वापरतात तो शब्द. आपल्या ‘मस्त’शी याचे नाते नाही, पण आमच्या विद्यार्थ्यांनी तिला मस्त पेशी करून टाकले आहे आणि मी कधी दुरुस्त केले नाही. टोल्युइडिन ब्लू हा निळा रंग घातला तर सगळी ऊती निळी होते आणि या पेशीचे दाणे तेवढे जांभळट तांबडे होतात, रक्तवाहिनीच्या कडेने कोणी जांभळे सांडावीत तसे. आज तिचे नाव घेतले की ॲलर्जी आणि शिंका आठवतात. ती ऊतीच्या घरात जन्मभर राहणारी आहे, हे तिच्या पहिल्या वर्णनातच होते.

जखमेबद्दल दोन शब्द, कारण वाढ आणि भरून येणे यांचे काम एकाच कारखान्यात चालते. १९७० च्या दशकात रसेल रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगवर दोन प्रयोग केले. पहिल्यात न्यूट्रोफिल काढून टाकले. हे जखमेवर सर्वांत आधी धावणारे, पुवात सापडणारे. जखम तरीही नेहमीसारखीच भरली. १९७५ साली लिबोविच आणि रॉस यांनी मॅक्रोफेज काढले, तेव्हा काम अडले: मेलेला माल तसाच पडून राहिला आणि नव्या कोलॅजनचे सूत लागायला उशीर झाला. ज्यांना आपण झाडूवाले समजत होतो, तेच बांधकामावर वर्दी देत होते.

इथवर गोष्ट सरळ आहे आणि पुष्कळ लेखक इथेच थांबतात. मला पुढचा गुंता जास्त आवडतो. २००३ साली ब्रिटनमधल्या पॉल मार्टिन यांच्या गटाने जन्मतःच मॅक्रोफेज नसलेल्या उंदरांची पिल्ले घेतली. त्यांच्या जखमा वेळेत भरल्या, आणि व्रण न राहता भरल्या! याच जातीच्या उंदरांच्या गर्भात बोटांमधले पडदे विरायला हवेत तेव्हा ते विरलेही. एरवी हे पडदे मॅक्रोफेज खातात. ते नसले तर शेजारच्या साध्या पेशी ते काम करतात, सावकाश आणि जरा गबाळेपणाने. दोन वर्षांनी, २००५ मध्ये, उंदरांच्या यकृतावर आणखी एक प्रयोग आला. व्रण बनत असताना मॅक्रोफेज काढले तर व्रण कमी झाला. व्रण विरत असताना काढले तर तो विरलाच नाही. त्याच घराण्याच्या पेशी, तेच यकृत, फक्त वेळ वेगळी. म्हणून मला ‘इम्युनिटी वाढवा’च्या पाट्यांचा राग येतो. कोणती, कुठली, आणि कोणत्या आठवड्यात?

आता तालमीकडे. कोल्हापुरात राहून संयोजी ऊतीवर लिहायचे आणि तालमीत जायचे नाही, हे जमण्यासारखे नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधले. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत पहाटे आजही पोरे मेहनत करतात. हौद्यातली तांबडी माती बघा. तिच्यात ताक, लिंबू, हळद, तेल मुरवलेले असते. पण नुसते मुरवून भागत नाही. ती रोज खोऱ्याने उकरावी लागते. चार दिवस उकरली नाही तर दगडासारखी बसते आणि पडणाऱ्याचे हाड मोडते. उकरणारे कोणी वेगळे मजूर नसतात. लढणारी पोरेच लंगोट कसून आधी माती उकरतात. रोगप्रतिकारक पेशींची दोन कामे एकाच जीवात कशी राहतात हे समजावून सांगायला मला याहून चांगले चित्र सापडलेले नाही, म्हणून तीन प्रकरणांत ते परत परत आले आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

वस्ताद लोक पोर दहा-बारा वर्षांचे असतानाच मागतात. ‘अंग कोवळं हाय तवर द्या’ हे त्यांचे म्हणणे. याला कोपनहेगनहून एक अनपेक्षित साक्ष मिळाली आहे. १९५५ ते १९६३ या काळात उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला आणि मग हळूहळू उतरला. त्या त्या वर्षी जी ऊती बनली, तिच्यात त्या वर्षाची हवा मुरली. डॅनिश संशोधकांनी १९४५ ते १९८३ या काळात जन्मलेल्या माणसांच्या धोंडशिरेच्या गाभ्यातला कार्बन मोजला आणि २०१३ साली निष्कर्ष मांडला: हा गाभा आयुष्याच्या साधारण पहिल्या १७ वर्षांत बनतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. साठीतला माणूस सतराव्या वर्षापर्यंत विणलेल्या दोरावर चालत असतो. हाडाची गोष्ट याच्या अगदी उलट. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी कोरला जाऊन नव्याने भरला जातो.

दोन्ही कोलॅजनच, मग एवढा फरक का? एक कारण वस्तीचे. हाडात रक्त खेळते आणि कोरणाऱ्यांची ये-जा चालू असते. पूर्ण वाढ झालेल्या धोंडशिरेच्या गाभ्यात पेशी तुरळक, रक्तवाहिन्या त्याहून तुरळक. चपलेच्या तळाला आपल्या शरीरात सर्वांत जवळचा कोणी असेल तर तो हा गाभा. तो तुटला की भरून येतो, पण महिने घेतो आणि नवे धागे पहिल्यासारखे सरळ लागत नाहीत. याचा अर्थ दहा वर्षांच्या पोरावर मोठ्या पैलवानाची मेहनत लादावी, असा कोणी काढू नये. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या त्या वयात कूर्चेच्याच असतात आणि त्यांना इजा झाली तर हाड आखूड किंवा वाकडे राहू शकते. चांगले वस्ताद हे पुस्तक न वाचताही जाणतात.

पैलवानाचा कान हे दुसरे उदाहरण, आणि ते लांबूनही दिसते. कानाच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला वरच्या पातळ आवरणातून पोसले जाते. डोके घासले की कूर्चा आणि आवरण यांच्यामध्ये रक्त साचते. ते वेळेत काढून कान दाबून बांधला तर आवरण परत चिकटते. नाही काढले तर उपाशी कूर्चा मरते, मॅक्रोफेज ती गुठळी आणि मेलेला माल खात राहतात आणि वरचे आवरण जमेल तशी नवी कूर्चा आणि व्रणाची ऊती ओतत जाते. कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा होतो. वाढ तीच, माल तोच; फक्त साफसफाई आणि बांधकाम यांची वेळ जुळली नाही. गावात मात्र तो कान मिरवायचा असतो. मी अनेकांना रक्त काढून घ्यायला सांगितले आहे. ऐकणारे थोडे.

या पेशी सगळ्या शरीराच्या उंचीलाही हातभार लावतात, याचे पुरावे अलीकडे जमत आहेत. मॅक्रोफेजना जगवणारा संदेश ज्यांना पकडताच येत नाही अशा रॅटची पिल्ले जन्मल्यावर खुरटी राहतात. त्यांना निरोगी अस्थिमज्जा दिली की वाढ सुधारते. वयात येणाऱ्या उंदराच्या मादीत स्तनाच्या नळ्या चरबीच्या गादीत शिरून फांद्या काढतात, त्यालाही मॅक्रोफेज आणि इओसिनोफिल लागतात, हे २००० साली दाखवले गेले. इओसिनोफिल, म्हणजे आपल्या रिपोर्टात जंत आणि दम्याखाली येणारी पेशी! स्टेरॉइड दीर्घकाळ दिले तर मुलांची उंची मागे पडते आणि जखमा उशिरा भरतात, हे प्रत्येक डॉक्टर जाणतो. पण सगळा दोष पांढऱ्या पेशी दबल्याला देता येत नाही. स्टेरॉइड वाढीच्या कूर्चेवर थेटही काम करते. सातव्या प्रकरणात हा हिशेब वेगवेगळा मांडला आहे. दम्याच्या मुलाचे औषध कोणी हे वाचून बंद करू नये.

शब्दांबद्दल थोडे. संयोजी ऊती, कूर्चा, अस्थिमज्जा हे शालेय पुस्तकांतले शब्द रुळले आहेत, ते ठेवले. मॅक्रोफेजला महाभक्षी म्हणावे असे सुरुवातीला ठरवले होते, पण या पेशीचे खाण्यापलीकडचे काम सांगायला निघालेल्या पुस्तकात तिला पानोपानी ‘भक्षी’ म्हणणे म्हणजे मूळ चूक पुन्हा करणे. म्हणून मॅक्रोफेजच. ‘रोगप्रतिकारक’ला मात्र पर्याय सापडला नाही. ‘रक्षक’, ‘पांढऱ्या’, ‘फिरत्या’ असे सगळे करून पाहिले. शेवटी तोच शब्द ठेवला आणि पहिल्या प्रकरणात त्याच्याशी भांडून घेतले.

पुस्तक क्रमाने वाचायलाच हवे असे नाही. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी दुसरे आणि तिसरे प्रकरण स्लाइडची पेटी शेजारी ठेवून वाचावे. तालमीतल्या पोरांसाठी पाचवे आणि सहावे लिहिले आहे, त्यांत रसायनांची नावे शक्य तेवढी गाळली आहेत. हाडाचे चौथे प्रकरण जरा लांबले आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी मधली पाने उलटावीत, पण दात येण्याचा भाग सोडू नये. घरात सहा-सात महिन्यांचे बाळ असेल, तर बोट नीट धुऊन त्याच्या खालच्या हिरडीवरून हलकेच फिरवून पाहा. खाली कोणीतरी खणत असते.